रॉड गेला, पण अर्थिंग झालं का?

अर्थिंगचा रॉड ठोकायला आता घणाची गरज उरलेली नाही. भिंत फोडायच्या हॅमर मशीनला बसणारा एक छोटासा जोड बाजारात मिळतो. त्याच्या एका टोकाला मशीनच्या तोंडात अडकणारी खाचांची दांडी असते, दुसऱ्या टोकाला रॉडचं डोकं आत जाईल अशी जाड पोलादी टोपी. भारी ओल्या जमिनीत तीन मीटरचा रॉड काही मिनिटांत दिसेनासा होतो. यवतमाळ जिल्ह्यात या जोडाला काम भरपूर आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतल्या संचासोबत वीजरोधक (लायटनिंग अरेस्टर) आणि त्याचं अर्थिंग येतंच. विहिरीवरच्या जुन्या मोटरींना तर ते आधीपासूनच हवं होतं.

मशीनची करामत समजून घेण्यासारखी आहे. आत मोटर एक दट्ट्या पुढं-मागं ढकलते. दट्ट्या आणि ठोका देणारा पोलादी तुकडा यांच्यामध्ये कोंडलेली हवा असते. ती दाबली जाऊन उसळी घेते आणि तुकडा पुढं फेकला जातो. हवेच्याच गादीमुळं झटका हातापर्यंत कमी पोचतो. अशा मोठ्या मशीनचा एक ठोका साधारण दहा ज्यूलचा. पाच किलोचा घण सेकंदाला पाच मीटर वेगानं आदळला तर साठेक ज्यूल देतो. म्हणजे एकास एक पाहिलं तर घणच भारी. पण घण मिनिटाला वीस वेळा बसला तर खूप झालं, आणि मशीन तेवढ्यात दोन हजार ठोके देऊन मोकळं होतं. घणाचे बाराशे ज्यूल, मशीनचे वीस हजार. शिवाय सततच्या थरथरीनं रॉडच्या अंगाला धरून बसलेली माती सैल होत राहते. घण जरा तिरका बसला की रॉड डुलतो आणि वरचं भोक मोठं होतं. टोपीमुळं ठोका सरळ रॉडच्या रेषेत जातो आणि डोकंही चेपून पसरत नाही. मशीनचं फिरणं बंद करून फक्त ठोक्यावर ठेवायचं, एवढं मात्र विसरायचं नाही.

खरी अडचण जमिनीत आहे. या जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला. 2021 मध्ये पांढरकवड्याजवळ शिबला-पारडीला रस्त्याचं काम चालू असताना याच बेसाल्टचे घडीव दिसावेत असे खांब उघडे पडले होते. वणीकडं चुनखडी आणि कोळसा लागतो, तो भाग वेगळा. बाकी ठिकाणी वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली पाषाण. नदीकाठच्या वावरात काळी खोलवर जाते. बरडावर दोन फुटांतच मुरूम लागतो.

काळ्या मातीत स्मेक्टाइट गटाची चिकणमाती असते. तिच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आकसते. पावसाळ्यात ती रॉडला अशी घट्ट बिलगते की अर्थिंगला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. मे महिन्यात तीच माती फाटते. भेगा मीटरभर खोल जातात आणि रॉडभोवती हवेची फट राहते. तीन मीटरच्या रॉडचा वरचा तिसरा हिस्सा तेव्हा जवळपास निकामी असतो. काम करतो तो खालचा, ओलीत असलेला.

आता बरडावर काय होतं पाहा. मीटर-सव्वा मीटरवर मुरूम किंवा दगड लागतो. मशीनचा भद्द आवाज बदलून खणखणीत होतो, रॉड तसूभर हलत नाही, ठोक्यांची उष्णता होऊन टोपी तापते. इथं बरेचजण काय करतात ते उघड गुपित आहे: वर उरलेला रॉड हेक्सॉनं कापायचा, क्लॅम्प आवळायचा, वर चेंबरचं झाकण ठेवायचं. बाहेरून पुरा काय आणि कापलेला काय, दोन्ही रॉड सारखेच!

आतला हिशेब सारखा नाही. मातीची रोधकता शंभर ओहम-मीटर धरली तर 17 मिलिमीटर जाडीच्या तीन मीटर रॉडचा जमिनीशी रोध सुमारे 33 ओहम येतो. तोच सव्वा मीटरला कापला तर सत्तरच्या घरात. आणि रॉड दुप्पट जाड घेऊन भरपाई होईल म्हणावं, तर रोध फक्त दहा-अकरा टक्क्यांनी उतरतो. लांबी दुप्पट केली तर चाळीस टक्क्यांहून जास्त. म्हणून जाडीवर पैसे घालवण्यात मला फारसं शहाणपण दिसत नाही.

दगड लागला तर काय, याचं उत्तर आयएस 3043 या भारतीय मानकात आहे. अडीच मीटरच्या आत खडक लागला तर रॉड तिरका घाला, पण उभ्या रेषेपासून 30 अंशांहून जास्त नको, आणि लांबी अडीच मीटरहून कमी नको. तेही जमेना तर बोअर मारून रॉड सोडायचा आणि भोवती बेंटोनाइटचं मिश्रण भरायचं. गंमत अशी की पिशवीतून विकत येणारं हे बेंटोनाइट आपल्या काळ्या मातीचंच सख्खं भावंड, त्याच स्मेक्टाइट गटातलं. तिच्यासारखंच तेही वाळलं की आकसतं, त्यामुळं उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत राहणं चुकत नाही. तरी मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यापेक्षा हे बरं: त्यातलं मीठ पावसानं वाहून जातं आणि जाता जाता पाइपही गंजवतं.

महावितरणच्या लाइनवर मोटर असेल तर कापलेल्या रॉडच्या त्या सत्तर ओहमचा अर्थ असा: बॉडीत करंट उतरला तर जमिनीत जास्तीत जास्त सव्वातीन अँपिअर जाईल. एवढ्यानं स्टार्टरचा फ्यूज उडत नाही आणि बॉडी हात लावणाऱ्याची वाट पाहत तशीच राहते. 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर पडणारा ईएलसीबी असेल तर तो मात्र क्षणात पडतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबावं. पण ते बटण डब्यातल्या डब्यातच करंट फिरवतं. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी ईएलसीबी पडतो आणि सगळं ठीक वाटतं. रॉडची तपासणी होते ती अर्थ टेस्टरनं: बाजूला दोन खुंट्या रोवायच्या, तारा जोडायच्या, आकडा वाचायचा. तो वाचायचा तर पऱ्हाटी उपटून झाल्यावर, भेगा पडलेल्या मे महिन्यात. श्रावणात यवतमाळचा बहुतेक प्रत्येक रॉड पास होतो.