सुरत ते मालेगाव, परळमार्गे

मारधाडपट, भयपट, विडंबनपट असे ठरावीक वळणाचे चित्रपट, ज्यांना समीक्षेत एकत्रितपणे 'जॉनर' म्हटले जाते आणि ज्यांचे नियम प्रेक्षकाला तिकीट काढण्यापूर्वीच पाठ असतात, ते भारतीय चित्रपटाच्या इतिहासात बहुधा एखाद्या परिच्छेदापुरते येतात. हा परिच्छेद लिहिणाऱ्याला त्यांच्याविषयी सहसा कौतुकापेक्षा कणवच अधिक असते. वास्तविक स्वतंत्रपणे, म्हणजे मोठ्या भांडवलदाराच्या किंवा वितरकाच्या आश्रयावाचून, चित्रपट काढणारी माणसे एकमेकांना धरून एखाद्या गावात कशी उभी राहतात आणि कोणत्या प्रश्नावर फुटतात, हे पाहायचे असेल तर याच चित्रपटांकडे जावे लागते. पश्चिम भारतात हा शोध सुरतेपासून सुरू होतो, परळला थांबतो आणि मालेगावला पोहोचतो.

सुरतेचा संबंध वाडिया घराण्यामुळे येतो. जहाजबांधणीच्या कामासाठी लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्याच वंशातील जमशेद, म्हणजे जे. बी. एच. वाडिया, आणि त्यांचे धाकटे बंधू होमी यांनी १९३३ साली परळच्या वडिलोपार्जित लवजी कॅसलमध्ये वाडिया मुव्हिटोन उभी केली. १९३५ च्या 'हंटरवाली'ने मेरी इव्हान्स या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या तरुणीला 'फिअरलेस नाडिया' केले आणि स्टंटपट, म्हणजे घोडदौड, चाबूक, धावत्या गाडीवरील हाणामारी यांवर तोललेला चित्रपट, हा एक भरवशाचा धंदा ठरला. ही हकिकत सर्वज्ञात आहे. तिच्याआड राहिलेला दोन भावांचा मतभेद मात्र अधिक बोलका आहे.

जे. बी. एच. हे उच्चशिक्षित, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेलेले गृहस्थ. कंपनीने आता आशयघन, प्रतिष्ठित चित्रपट काढावेत असे त्यांना वाटू लागले आणि १९४१ साली मधू बोस दिग्दर्शित, साधना बोस यांच्या नृत्याने सजलेला 'राजनर्तकी' हा चित्रपट हिंदी, बंगाली व इंग्रजी अशा तीन भाषांत निघाला. होमी यांचे मन मात्र स्टंटपटातच होते. १९४२ मध्ये त्यांनी 'बसंत पिक्चर्स' ही स्वतंत्र संस्था काढली, १९४३ मध्ये 'हंटरवाली की बेटी' आणली आणि प्रेक्षक कोठे आहे ते दाखवून दिले. परळचा स्टुडिओ त्याच १९४२ साली व्ही. शांताराम यांच्याकडे गेला. 'राजकमल कलामंदिर'च्या गौरवगाथांत त्या जागेवर आधी चाबूक कडाडत होता, याची आठवण फारशी काढली जात नाही, हे मराठी चित्रपटप्रेमाच्या सोवळेपणाला धरूनच आहे.

या मतभेदाचे मर्म साधे होते. लोकांना आवडणारा ठरावीक प्रकार पुन्हा पुन्हा, अधिकाधिक सफाईने करीत राहणे हीच कला मानावी, की ती केवळ पहिली पायरी समजून 'स्वतःचे' काही सांगण्याकडे वळावे? वाडिया बंधूंपाशी भांडवल असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर दोन कंपन्यांच्या रूपाने देता आले.

खुद्द सुरतेत या व्यवसायाने मूळ धरले नाही. पैसा होता, नाटकाची हौस होती, पण मुंबई रेल्वेने अवघ्या २६३ किलोमीटरवर होती, आणि ज्याला चित्रपटात जायचे तो गाडी पकडीत असे. सुरतेत १९३८ साली जन्मलेले हरिहर जेठालाल जरीवाला हे त्याचे ठळक उदाहरण: जरीच्या धंद्याची खूण आडनावात घेऊन आलेला हा नट मुंबईत संजीव कुमार झाला आणि त्याने 'शोले'तील ठाकूर अजरामर केला. शहराने पुढे त्याच्या नावाचे प्रशस्त नाट्यगृह बांधले. चित्रपट बांधणारी माणसे मात्र तेथे जमली नाहीत. तापी खोऱ्यातील रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाल्यापासून अमळनेर, नंदुरबारकडील खानदेशी माणूस सुरतेला येत राहिला, उधना-लिंबायतच्या वस्त्यांत स्थिरावला आणि तेथील यंत्रमागांवर राबू लागला. त्याच्या करमणुकीचा इतिहास अद्याप कोणी लिहिलेला नाही, आणि तो लिहिला जावा.

यंत्रमागाचेच दुसरे गाव मालेगाव. मोसम आणि गिरणा यांच्या संगमावरचे, नाशिक जिल्ह्यातले, उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांनी घडवलेले, मुशायऱ्यांचे आणि उर्दू वर्तमानपत्रांचे हे गाव मुंबईपासून रस्त्याने जवळपास सुरतेइतकेच दूर आहे; फरक इतकाच की येथील माणसाला गाडी पकडणे परवडत नव्हते. रोजंदारीवरचा कारागीर एक दिवस मागावर गेला नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडते. शुक्रवारी माग बंद असतात, त्यामुळे शुक्रवार हा नमाजाचा आणि सिनेमाचा दिवस. थिएटरपेक्षा स्वस्त असे व्हिडिओ पार्लर, म्हणजे एका खोलीत दूरचित्रवाणी संच आणि व्हीसीआर लावून तिकिटावर चित्रपट दाखवण्याची जागा, हे येथील खरे चित्रपटविद्यालय होय.

असे पार्लर चालवणाऱ्या घरातील शेख नासिर यांनी चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली, जॅकी चॅन यांच्या टेपा प्रेक्षकांना दाखवता दाखवता त्यांतले प्रसंग निवडून एकमेकांना जोडण्याचा उद्योग आरंभला. कोठे हशा पिकतो आणि कोठे प्रेक्षक उठून बिडी ओढायला जातो, हे त्यांना रोज समोर दिसत होते. त्यांच्या शिक्षणाचा हा भाग वृत्तपत्रीय लेखांत हरवतो, कारण तेथे 'गरिबांची स्वप्ने' या मथळ्याचा मोह आवरत नाही. नासिर स्वप्नाळू होते की नाही हा प्रश्न गौण आहे; ते प्रदर्शक होते आणि आपले गिऱ्हाईक ओळखत होते.

२००० साली सुमारे ५० हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' तयार झाला. लग्नाच्या चित्रीकरणाला वापरतात तो व्हिडिओ कॅमेरा, घोड्यांऐवजी सायकली, अभिनेते म्हणून गावातलेच कामगार आणि दुकानदार, आणि संकलनासाठी दोन व्हीसीआर. या पद्धतीत एका यंत्रावर मूळ टेप चालवून हवा तो तुकडा दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यावा लागतो. मागचा तुकडा बदलायचा तर पुढचे सगळे पुन्हा जोडावे लागते आणि दर प्रतीगणिक चित्र अधिक धूसर होत जाते. म्हणून प्रसंग आधीच डोक्यात जुळवून घेण्याची शिस्त या मंडळींना आपोआप लागली. ट्रॅकिंग शॉट, म्हणजे कॅमेरा सरकवत घेतलेले दृश्य, सायकलवर बसून घेतले जाई आणि क्रेनचे काम बैलगाडी करी. स्थानिक मुली काम करू शकत नसल्यामुळे अभिनेत्री बाहेरगावाहून आणाव्या लागत. चित्रपट पार्लरमध्ये लागला आणि खर्च कितीतरी पटीने भरून निघाला. त्यापाठोपाठ 'मालेगाव की शान' आला, इतर लोकही कॅमेरे घेऊन उभे राहिले, आणि लेखक, नट, संकलक, पोस्टर रंगवणारे असा एक गोतावळा तयार झाला.

कायद्याच्या दृष्टीने हे सारे अधांतरी होते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात टीका वा समीक्षेसाठी मूळ कृतीचा उचित वापर करण्यास मुभा आहे, पण विडंबनाचा वेगळा उल्लेख नाही. 'शोले' नव्याने करू पाहणाऱ्या राम गोपाल वर्मा यांना त्यांच्या २००७ च्या 'आग'बद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली १० लाख रुपये भरायला लावले. ही रक्कम मालेगावच्या 'शोले'च्या वीसपट भरते. मालेगावचा चित्रपट अधिक प्रामाणिक होता, कारण तो मूळ कृतीची जागा घेऊ पाहत नव्हता, प्रेक्षकाला ती पाठ आहे हे गृहीत धरून तिच्याशी खेळत होता.

फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात पुढच्या चित्रपटाची, म्हणजे 'मालेगाव का सुपरमॅन'ची, निर्मिती दिसते. सप्टेंबर २००६ च्या बॉम्बस्फोटांनी गावाचे नाव देशभर वेगळ्याच कारणाने गेले होते, त्यानंतरचा हा काळ. नायक शेख शफीक हा यंत्रमागावरचा सडपातळ कामगार, चड्डीचा नाडा लोंबणारा आणि पायांत रबरी चप्पल घातलेला. खलनायकाला जगात घाण पसरवायची आहे. उडण्याच्या दृश्यांसाठी क्रोमा, म्हणजे हिरव्या पडद्यापुढे चित्रीकरण करून मागे दुसरे दृश्य बसवण्याचे तंत्र, वापरायचे ठरते आणि हिरवे कापड ताणून शफीकला आडवे टांगले जाते. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो आणि काम अडते. तोंडाच्या कर्करोगाने शफीकचा मृत्यू झाला तेव्हा माहितीपट २०१२ मध्ये चित्रपटगृहांत लागायचा होता.

या माहितीपटातील सर्वांत लक्षवेधी व्यक्ती मात्र नायक वा दिग्दर्शक नसून लेखक फरोग जाफरी आहेत. विनोदी संवाद लिहून देणाऱ्या या माणसाचे डोळे मुंबईकडे लागलेले आहेत आणि तेथे लेखणीला काय किंमत मिळते याची कडू जाणीवही त्याला आहे. रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'ची (टोरंटो महोत्सव २०२४, भारतात २८ फेब्रुवारी २०२५) पटकथा वरुण ग्रोव्हर यांची आहे आणि तिने नासिर व फरोग यांच्यातील नक्कल की अस्सल हा वाद कथेच्या मध्यभागी ठेवला आहे; त्यात विनीत कुमार सिंह यांचा फरोग आदर्श गौरवच्या नासिरपेक्षा भाव खाऊन जातो. वाद तोच, परळचा. परळला भावाला भावापासून वेगळे होऊन नवी कंपनी थाटता आली. मालेगावात लेखक वेगळा झाला तर त्याच्यापाशी ना कॅमेरा, ना पार्लर. कथेचा हक्क लेखकाचा हे म्हणायला सोपे आहे, पण प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याची खोली ज्याच्या ताब्यात त्याचेच म्हणणे चालते.

ती खोलीही पुढे गेली. सीडी आली, मग मोबाइल आला आणि पार्लर ओस पडले. आज मालेगाव परिसरातील 'छोटू दादा'चे विनोदी लघुपट यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले जातात. त्यांचे अर्थकारण जाहिरातींवर चालते, प्रेक्षक कोण आणि कोठला हे निर्मात्याला दिसत नाही, आणि पार्लरच्या मालकाला हशा ऐकून जे कळत असे ते आता आकड्यांवरून ताडावे लागते. त्यामुळे चित्रपट वाईट झाले असे नव्हे, पण ते एका गावाचे राहिले नाहीत.

मूळ 'शोले'चे मात्र भाग्य उजळले. जून २०२५ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जतन केलेली त्याची अखंड प्रत इटलीतील बोलोन्या येथे दाखवली गेली आणि आणीबाणीत बदलायला लावलेला शेवटही तिच्यात परत आला. मालेगावच्या 'शोले'ची व्हीएचएस टेप दमट हवेत बुरशी धरते, प्रतीची प्रत काढली की आणखी फिकट होते आणि तिला सेन्सॉर प्रमाणपत्राचा क्रमांकही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, जे २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन आहे, आपले लक्ष सेल्युलॉइडपुरते मर्यादित न ठेवता मालेगावातील घराघरांत उरलेल्या टेपा मागवून त्यांचे डिजिटल रूपांतर करून घ्यावे. काम फार खर्चाचे नाही, आणि नासिर यांच्यासारखी कोणती टेप कशाची आहे हे सांगू शकणारी माणसे अजून गावातच आहेत.