झाडांच्या शेंड्याखालचा थरार

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात ऑल्टन टॉवर्स नावाचं थीम पार्क आहे. श्रूझबरीच्या अर्लांचा जुना, आता भग्न झालेला वाडा आणि त्याभोवतीच्या देखण्या बागा यांच्या आवारातच ते उभं राहिलं. आसपासच्या गावांना आपल्या क्षितिजावर लोखंडी सांगाडे नको होते. त्यामुळे पार्कवर एक अट आली, ती आजही पाळली जाते: राईड झाडांच्या शेंड्यांच्या वर डोकावता कामा नये. जगभरची पार्कं उंचीची शर्यत लावत असताना अशी अट पडणं म्हणजे धंद्याचे पंख छाटणंच, असं कोणालाही वाटेल. झालं मात्र उलट.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला राईड आखणारे जॉन वॉर्डली या पार्कसाठी नव्या राईडच्या शोधात होते. अमेरिकेत 1992 मध्ये रोलरकोस्टर प्रकारातली 'बॅटमॅन द राईड' सुरू झाली होती. तिच्यात गाडी रुळावर बसत नाही, रुळाखाली लटकते आणि प्रवाशांचे पाय हवेत मोकळे राहतात. ही रचना स्वित्झर्लंडच्या वॉल्टर बोलिजर आणि क्लोद माबियार या दोन अभियंत्यांच्या कंपनीची. कोस्टरप्रेमी तिला 'बी अँड एम' एवढंच म्हणतात. वॉर्डलींना तशीच राईड हवी होती, पण झाडांची अट आडवी येत होती. वर जाता येत नाही, तर खाली जायचं असं त्यांनी ठरवलं. सुरुंग लावून खडक फोडले, दरीसारखे खड्डे खणले आणि रूळ त्यांतून वळवत नेला. 16 मार्च 1994 रोजी 'नेमेसिस' सुरू झाली, युरोपातली अशा प्रकारची पहिली.

तिचे आकडे कागदावर बेताचेच आहेत. लांबी 716 मीटर, जमिनीपासूनची उंची 13 मीटर, वेग ताशी सुमारे 80 किलोमीटर. तरीही जगातल्या उत्तम कोस्टरांची नावं निघतात तेव्हा शौकीन तिला आवर्जून वरच्या रांगेत बसवतात. कारण खडकाच्या भिंती प्रवाशांच्या पायांपासून अगदी जवळून सरकतात. मोकळ्या आभाळात ताशी 80 चा वेग कळतही नाही, कपारीत मात्र तोच वेग अंगावर येतो. उंची हा थराराचा सर्वांत सोपा मार्ग असेल, पण सर्वांत चांगला मार्ग तो नाही, हे नेमेसिसने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या राईडने दाखवलं असेल.

सारा खेळ वळणांच्या आकाराचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलटी गिरकी घेणारे कोस्टर बांधले गेले, तेव्हा ती गिरकी पूर्ण गोल असायची. गाडी तळाशी सर्वांत वेगात असते आणि नेमका तिथेच वक्र अचानक सुरू होई, त्यामुळे मानेला जबर हिसका बसे. जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी त्यावर उपाय काढला. तळाशी वक्र पसरट ठेवायचा आणि माथ्याकडे तो आवळत न्यायचा, म्हणजे दाब हळूहळू चढतो. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनमध्ये ही अश्रूच्या थेंबासारखी गिरकी उभी राहिली. आज उलटं करणारा जवळपास प्रत्येक कोस्टर हेच गणित वापरतो. पुढे अंगाला पीळ देणाऱ्या वळणांतही बदल झाला. फिरण्याचा अक्ष रुळातून नव्हे, तर प्रवाशाच्या छातीतून जाईल असा रूळ वळवायचा. त्यामुळे डोकं बाजूला फेकलं जात नाही, सगळं शरीर जागच्या जागी फिरतं.

हे बारकावे ठाऊक असलेला मोठा वर्ग आहे. अमेरिकेत कोस्टरप्रेमींची संघटना 1978 मध्येच स्थापन झाली. ब्रिटनमधल्या शौकिनांची आणखी एक सोय अशी की बांधकाम परवानगीचे अर्ज तिथे लोकांसाठी खुले असतात. ऑल्टन टॉवर्स आपल्या मोठ्या प्रकल्पांना 'सीक्रेट वेपन' असं सांकेतिक नाव आणि क्रमांक देतं. नेमेसिस तिसरा, 1998 चा 'ऑब्लिव्हियन' चौथा. पण अर्ज कौन्सिलकडे गेला की आराखडे सगळ्यांसमोर येतात. कुठला खांब किती उंच, बोगदा कुठून सुरू होतो, यावरून वळणांचा अंदाज बांधला जातो. रुळाचे तुकडे येऊन पडले की बनवणारी कंपनीही ओळखता येते. बी अँड एमचा रूळ जाड चौकोनी पेटीसारख्या कण्यावर बसवलेला असतो, तर काही कंपन्या तीन नळ्यांची त्रिकोणी जाळी वापरतात. तो पोकळ कणा गाडी जाताना घुमतो. आवाज कमी करायचा असेल तर काही ठिकाणी त्यात वाळू भरतात.

अशा लोकांसाठी 2022 चा नोव्हेंबर जड गेला. जवळपास तीन दशकं धावलेली नेमेसिस बंद झाली आणि रूळ उतरवायला सुरुवात झाली. पोलादाचं आयुष्य संपत आलं होतं. पार्कला त्या जागी काहीतरी नवं, मोठं उभारता आलं असतं. तसं न करता त्याच दरीत, त्याच वळणांचा नवा रूळ बसवला गेला. काळसर रंगाच्या त्या रुळावर लाल शिरा रंगवल्या होत्या. 16 मार्च 2024 रोजी, म्हणजे पहिल्या उद्‌घाटनाला बरोबर 30 वर्षं झाली त्या दिवशी, 'नेमेसिस रीबॉर्न' धावली.

याउलट न्यू जर्सीतल्या 'किंग्डा का'ची गोष्ट. 2005 मध्ये ती 139 मीटर उंचीनिशी जगातली सर्वांत उंच कोस्टर ठरली. हायड्रॉलिक यंत्रणा आणि पोलादी दोर तिला साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटर वेगापर्यंत खेचत. पण ती यंत्रणा सतत दुरुस्ती मागे. 28 फेब्रुवारी 2025 रोजी स्फोटकांनी तो मनोरा पाडण्यात आला. आता वेगवान सुरुवातीसाठी रुळालगत ओळीने विद्युतचुंबकं बसवतात. ती गाडीला पुढे ढकलतात, मध्ये दोर नसतो. थांबवायलाही चुंबकच कामी येतात. धातूची पट्टी कायमच्या चुंबकांमधून वेगाने सरकली की तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोच गतीला विरोध करतो. वीज गेली तरी हा ब्रेक लागतो.

सुरक्षेचं मूळ तत्त्व मात्र रेल्वेचं आहे. मार्गाचे टप्पे पाडायचे आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. पुढचा टप्पा रिकामा नसेल तर संगणक मागची गाडी अडवतो. 2 जून 2015 रोजी ऑल्टन टॉवर्समध्येच 'द स्माइलर' या कोस्टरवर अडून राहिलेली रिकामी गाडी लक्षात न आल्याने कर्मचाऱ्यांनी संगणकाचा अडथळा बाजूला सारला आणि भरलेली गाडी तिच्यावर आदळली. 16 जण जखमी झाले, दोन तरुणींना पाय गमवावा लागला. 2016 मध्ये न्यायालयाने पार्क चालवणाऱ्या कंपनीला 50 लाख पौंड दंड ठोठावला. यंत्राने योग्य तेच केलं होतं, म्हणून शौकीन आजही या अपघाताबद्दल बोलतात ते कामाच्या शिस्तीच्या संदर्भात.

मराठी वाचकाला बी अँड एमची करामत पाहायला इंग्लंड गाठावं लागत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये 2013 पासून धावणारी 'नायट्रो' याच कंपनीची आहे. इथे गाडी रुळाच्या वरच असते, पण सुटण्याआधी पायांखालची जमीन बाजूला सरकते आणि पाय लोंबकळू लागतात. पुढे पाच वेळा उलटं व्हायचं असतं. रांगेत उभं असताना रुळाखालचा तो चौकोनी कणा, खालून पसरट आणि वर आवळलेली गिरकी आणि घाटमाथ्याकडे घुमत जाणारा आवाज, हे तिन्ही तिथे नीट पाहता-ऐकता येतात.