कारखान्यातलं घर घेण्याआधी

टोरोंटोच्या मध्यवस्तीत किंग आणि स्पाडायना या रस्त्यांच्या आसपास विटांच्या जुन्या इमारती आहेत. एकेकाळी तिथे कपडे शिवले जात, छपाई चाले, मालाची गोदामं होती. आज त्यातल्या अनेक इमारतींत लोक राहतात. बारा-चौदा फूट उंच छत, गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती, जाडजूड लाकडी खांब आणि भिंतभर खिडक्या असलेल्या या घरांना तिथे ‘लॉफ्ट’ म्हणतात. जुन्या कारखान्यातून खरोखर घडवलेलं घर म्हणजे ‘हार्ड लॉफ्ट’, आणि नव्या इमारतीत तसा नुसता देखावा केला असेल तर ‘सॉफ्ट लॉफ्ट’. कॅनडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतली तरुण पिढीही आता अशा घरांकडे वळते आहे. घर बघायला गेलेल्याचं लक्ष आधी विटांकडे आणि उंचीकडे जातं, आणि जाहिरातीही तेच दाखवतात. पण माझ्या मते लॉफ्ट विकत घेणाऱ्यानं सर्वात आधी आणि सर्वात जास्त वेळ द्यायला हवा तो त्या इमारतीच्या हिशेबाला. अशा घरात आपण चार भिंतींपेक्षा कितीतरी जास्त काही विकत घेत असतो. शंभर वर्षांच्या इमारतीच्या डागडुजीतला कायमचा वाटाही त्यासोबत येतो.

या इमारती अशा का आहेत, हे आधी समजून घेऊ. 1904 च्या मोठ्या आगीत टोरोंटोचा घाऊक व्यापाराचा भाग जळून गेला आणि पुढच्या काळात कारखाने व गोदामं पश्चिमेकडे, स्पाडायनाच्या बाजूला सरकली. त्या काळी आगीची धास्ती इतकी होती की बांधकामाची पद्धतच तिच्या हिशेबानं ठरत असे. लाकडाच्या तुळया आणि खांब मुद्दाम अवजड ठेवत. जाड लाकडाला आग लागली तर बाहेरचा थर कोळसा होतो आणि आतला गाभा बराच वेळ भार पेलत राहतो. वर यंत्रं आणि मालाचे गठ्ठे असल्यामुळे मजले राहत्या घराच्या कितीतरी पट वजन सोसतील असे बांधलेले. पुढे कारखाने शहराबाहेर गेले, इमारती ओस पडल्या, पण जमिनीच्या वापराचे नियम मात्र औद्योगिकच राहिले. 1996 मध्ये महापौर बार्बरा हॉल यांच्या काळात, नगररचनेच्या विचारवंत जेन जेकब्स यांच्यासारख्यांच्या सल्ल्यानं, किंग-स्पाडायना आणि किंग-पार्लमेंट या दोन भागांतले हे निर्बंध सैल करण्यात आले. लोकांनी राहावं की काम करावं, याची मोकळीक मिळाली आणि रूपांतरांना वेग आला. शहरात इतरत्रही हेच घडलं. क्वीन स्ट्रीट वेस्टवरचा गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना ‘कँडी फॅक्टरी लॉफ्ट्स’ झाला आणि सरोवराकाठची ‘टिप टॉप टेलर्स’ची 1929 ची इमारत वर नवे मजले चढवून घरांची झाली. मुंबईच्या गिरणगावाकडे पाहिलं तर हा फरक मनाला लागतो. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमात 2001 साली बदल झाला, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला, आणि बहुतेक गिरण्या पाडून तिथे टॉवर उभे राहिले. काही ठिकाणी कार्यालयं आणि खानावळी आल्या, कुठे नुसती चिमणी उरली. गिरणीच्या मूळ भिंतींत माणसांची घरं मात्र झाली नाहीत. टोरोंटोनं या वास्तू जगवल्या, हे त्या शहराचं मोठंच काम आहे. त्यांत राहायला जाणाऱ्यानं त्यांची किंमतही नीट समजून घ्यावी, एवढाच माझा आग्रह आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जुनं बांधकाम दणकट, त्याची कसली काळजी? सांगाड्यापुरतं हे खरं आहे. पण लॉफ्टच्या इमारतीला दोन वयं असतात. सांगाडा शंभर वर्षांचा, आणि नळ, गटारं, वायरिंग, लिफ्ट, हीटिंग हे सगळं रूपांतराच्या वेळचं, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांचं. दोन्हींची दुखणी वेगळी. विटांचंच घ्या. भट्टीत भाजलेल्या विटेचा बाहेरचा थर कठीण असतो, आतला भाग त्या मानानं मऊ आणि पाणी शोषणारा. जुना रंग काढून वीट ‘उघडी’ करण्यासाठी वाळूचा जोरदार मारा केला की हा कठीण थरच निघून जातो. मूळ सांधे चुन्याचे असतात. चुना मऊ आणि श्वास घेणारा, त्यामुळे भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडते. दुरुस्ती करताना कुणी तिथे कडक सिमेंट भरलं, की ओलीची वाट बंद होते आणि ती विटेत साठते. टोरोंटोच्या हिवाळ्यात तापमान कितीतरी वेळा शून्याच्या खालीवर होतं. साठलेलं पाणी गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि विटेचे पोपडे सुटू लागतात. बाहेरच्या भिंतीला आतून थर्मल आवरण द्यावं तर वीट आणखी गार पडते आणि हा धोका वाढतो. शिवाय आवरणाखाली ती वीट दिसेनाशी होते, जिच्यासाठी घर घेतलं. म्हणून अनेक लॉफ्टमध्ये बाहेरची भिंत आवरणाविना राहते आणि उष्णता तिच्यातून निसटत जाते. घर बघायला जाल तेव्हा इमारतीला बाहेरून एक चक्कर मारा, खिडक्यांच्या खालच्या विटा आणि गच्चीच्या कठड्याजवळचे सांधे पाहा. सांधे विटेपेक्षा कठीण आणि करडे दिसले, कडांना विटा झडलेल्या दिसल्या, तर ते काम सर्वांच्या खिशातून व्हायचं आहे असं समजा.

दुसरं वय अधिक फसवं, कारण नवं काम आपल्याला बिनधोक वाटतं. 1995 ते 2007 च्या सुमारास कॅनडात ‘कायटेक’ नावाचे नळ मोठ्या प्रमाणावर बसवले गेले: दोन प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम, बहुधा गरम पाण्याला नारिंगी आणि थंडाला निळे. त्यांचे पितळी जोड झिजू लागले, नळ फुटू लागले, सामूहिक दावा उभा राहिला आणि तडजोडीतून भरपाईचा निधी ठेवला गेला. त्या निधीकडे अर्ज करायची मुदत 9 जानेवारी 2020 ला संपली. टोरोंटोतल्या लॉफ्ट-रूपांतरांचा भराचा काळ नेमका हाच. म्हणजे शंभर वर्षांची तुळई ठणठणीत आणि तिच्या शेजारून गेलेला पंचवीस वर्षांचा नळ बदलायला आलेला, असं होऊ शकतं. आज असा नळ सापडला तर बदलण्याचा खर्च बहुधा मालकालाच सोसावा लागतो.

हा सगळा खर्च येतो कुठून, इथे माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. टोरोंटो ज्या प्रांतात येतं त्या ऑन्टारियोच्या 1998 च्या कॉन्डोमिनियम (म्हणजे सामायिक मालकीच्या इमारतींच्या) कायद्यानुसार छत, बाह्य भिंती, मुख्य नळ यांसारख्या सामायिक गोष्टींचा खर्च सर्व मालकांनी ठरलेल्या प्रमाणात उचलायचा असतो. मोठ्या दुरुस्तीसाठी ‘रिझर्व्ह फंड’ ठेवणं सक्तीचं आहे आणि तज्ज्ञाकडून त्याचा अभ्यास दर तीन वर्षांनी अद्ययावत करून घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांना आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंड म्हणून बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के गोळा करायचे असतात; ऑन्टारियोत असा सरसकट टक्का लावून भागत नाही, छत किती वर्षं टिकेल, खिडक्या कधी बदलाव्या लागतील, हे मांडून त्यासाठीची रक्कम काढावी लागते. फंड अपुरा पडला की मालकांवर ‘स्पेशल असेसमेंट’ लागतं, म्हणजे एकरकमी जादा वर्गणी. ती थकवली तर घरावर बोजा चढतो आणि तो बँकेच्या कर्जाच्याही आधी येतो. लॉफ्टच्या बाबतीत हे अधिक बोचतं, कारण या इमारती बहुधा लहान असतात. समजा, भिंतींच्या दुरुस्तीला सहा लाख डॉलर लागले. चारशे घरांच्या टॉवरमध्ये सरासरी 1,500 डॉलर वाट्याला येतील. साठ घरांच्या लॉफ्टमध्ये 10,000. म्हणूनच महिन्याचं देखभाल शुल्क कमी आहे म्हणून खूश होऊ नये. जुन्या इमारतीत शुल्क कमी असेल तर पैसा वाचला असं नसतं, तो पुढे कधीतरी एकदम मागितला जाणार असतो.

कुणी म्हणेल, अशा इमारती नव्यानं तयार होणार नाहीत, म्हणून भाव टिकणारच. दुर्मिळता खरी आहे. पण घेणारा पुढचा माणूसही इमारतीच्या हिशेबाचे कागद वाचणार, आणि रिकामा फंड त्याला दिसल्यावर विटांचं कौतुक भावात उतरत नाही. मराठी ग्राहकाच्या मनात आणखी एक हिशेब हळूच चालू असतो: इमारत जुनी झाली की रिडेव्हलपमेंट, आणि मग मोठं घर. मुंबई-पुण्यात 2019 पासून सोसायटीच्या 51 टक्के सभासदांच्या संमतीनं पुनर्विकासाचा मार्ग खुला होतो, त्यामुळे ही सवय पडली आहे. ऑन्टारियोत कॉन्डोमिनियम विसर्जित करायला 80 टक्के मालकांची संमती लागते, आणि इमारत वारसा म्हणून नोंदलेली असेल तर पाडणं दूरच, खिडकीची चौकट बदलायलाही परवानगी घ्यावी लागू शकते. त्या हिशेबानं लॉफ्ट घेऊ नये. ती इमारत तशीच उभी राहणार आहे, आणि तिला उभी ठेवणाऱ्यांत आता आपण असणार.

कायदा सांभाळून घेईल, हाही एक भरवसा असतो. तो थोडाच पुरतो. नव्या घरांसाठीचं ‘टेरियन’चं हमी-संरक्षण रूपांतरित निवासी प्रकल्पांना 1 जानेवारी 2018 पासूनच लागू झालं, आणि पहिल्या वर्षाच्या कामाच्या हमीत इमारतीचे मूळ जुने भाग धरलेले नाहीत. त्याआधीच्या रूपांतरांना तेवढंही नव्हतं. जमिनीच्या बाबतीत मात्र नियम चांगला आहे: औद्योगिक वापर बदलून निवासी करताना जमिनीतल्या प्रदूषणाची तपासणी होऊन ‘रेकॉर्ड ऑफ साइट कंडिशन’ नोंदवावा लागतो, आणि 2004 पासूनच्या या नोंदी कुणालाही पाहता येतात. जिथे पूर्वी रंग, रसायनं किंवा धातूचं काम चाले, तिथली नोंद वकिलाकडून काढून घ्यावीच. राहिला आवाज. जाड फळ्यांचा मजला भार पेलतो, पण वरच्या पावलांचा आवाज खाली येतो. संध्याकाळी, शेजारी घरी असताना, पुन्हा एकदा जाऊन बसावं.

सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे ‘स्टेटस सर्टिफिकेट’. कॉन्डोमिनियम कॉर्पोरेशननं, म्हणजे इमारतीच्या मालकांच्या संस्थेनं, तो मागणाऱ्याला दहा दिवसांत द्यायचा असतो आणि त्यासाठी 100 डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत. त्यात अंदाजपत्रक, रिझर्व्ह फंडाची स्थिती, चालू दावे, ठरलेली जादा वर्गणी, विम्याची कागदपत्रं आणि नियम असतात. लाखो डॉलरच्या खरेदीत याहून स्वस्त संरक्षण दुसरं नाही. वाचताना फंडात किती शिल्लक आहे एवढंच पाहू नका. तज्ज्ञानं सुचवलेली वार्षिक भर प्रत्यक्षात पडते आहे का, आणि पुढच्या दहा वर्षांत छत, खिडक्या, सांधे व नळ यांची कामं कधी धरली आहेत, हे वकिलाला विचारा. आणि एक लक्षात ठेवा: विकासकाकडून नवं कॉन्डो घेतलं तर विचार बदलायला कायद्यानं दहा दिवस मिळतात, आधीच्या मालकाकडून घेतलेल्या घराला ही सवलत नाही. आज विकायला येणारे बहुतेक लॉफ्ट असेच पुनर्विक्रीचे आहेत. म्हणून ‘स्टेटस सर्टिफिकेट माझ्या वकिलानं तपासून मान्य केलं तरच’ ही अट बोलीच्या कागदावर लिहून घ्या, आणि दुसरे ग्राहक रांगेत आहेत म्हणून एजंटानं ती गाळायला सांगितली तरी गाळू नका.