मांजराचा वास आणि उसातला उंदीर



सोयाबीन निघाली की शिवारातल्या उंदरा-घुशींचा मोर्चा उसाकडे वळतो. रिसोड तालुक्यात पैनगंगेच्या काठी ज्यांचा ऊस आहे त्यांना हे सांगायला नको. खालची दोन-तीन कांडी कुरतडली की ऊस लोळतो, जखमेतून बुरशी शिरते आणि साखर-उतारा घसरतो. अशा वेळी कुणीतरी सल्ला देतोच, ‘धुऱ्यावर मांजराचे मूत शिंपडा, उंदीर पळतील.’ यात तथ्य किती ते आम्ही येथे मांडतो.

उंदीर भितो हे खरे. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला, जन्मात मांजर न पाहिलेला उंदीरसुद्धा त्या वासाला घाबरतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या शास्त्रज्ञांनी मांजराच्या गळ्यातला वापरलेला पट्टा उंदरापुढे ठेवला. मांजर नाही, नुसता पट्टा! तरी उंदीर आडोशाच्या खोक्यात शिरला आणि तिथून फक्त डोके बाहेर काढून पाहत राहिला. त्याचा रक्तदाबही चढला. नाकाने दिलेली वर्दी मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या भागात पोचते, मग मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ताणाचे द्रव्य रक्तात सोडतात. उंदीर जागच्या जागी थिजतो, खाणे टाकतो.

ही भीती उपजत आहे, पण ती मोडतेही. मांजराच्या आतड्यात वाढणारा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव उंदराच्या अंगात गेला, तर काही उंदीर मांजराच्या वासाकडे उलट ओढले जातात, असे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2000 साली दाखवले. उंदीर खाल्ला गेला की त्या जीवाला पुन्हा मांजराचे आतडे मिळते. निसर्गाचा हिशेब असा बेरकी!

आता आपल्या कामाचे. सिडनीकरांनीच 1999 साली नोंदवले, की तोच पट्टा पुन्हा पुन्हा ठेवला आणि मांजर काही आले नाही, तर उंदराचे लपणे कमी होत जाते. वावरातही तेच होणार. बीळ उसाखाली, पिल्ले बिळात, खाणे दारात; तो जाईल कुठे? शिवाय एका पाण्याच्या पाळीत वास धुऊन जातो. तेव्हा वासाच्या बाटल्यांवर पैसा घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याच्या भीतीचा उपयोग दुसरीकडून करावा. उंदराला उघड्यावर येण्याचे भय असते, म्हणून धुऱ्यावरचे गवत, तण आणि पाचटाचे ढीग काढून टाकावेत. आडोसा गेला की तो बेताने फिरतो आणि घुबडाच्या नजरेत येतो. घुबडाला बसायला वावरात लाकडी मचाणी रोवाव्यात. धामण तर बिळात शिरून उंदीर धरते. ती म्हशीचे दूध पिते ही समजूत खोटी आहे. कृपा करून तिला मारू नका.

विषारी आमिष लावायचेच तर आधी सायंकाळी सगळी बिळे बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच नांदती. आमिष त्यांच्या आतच ठेवा. बाहेर पडले तर पक्षी, कुत्री दगावतात. पहिले दोन दिवस बिनविषाचे धान्य द्या, उंदीर चाखून सरावला की मग विषारी. हातमोजे घालायला विसरू नका. हे काम एका शिवारातल्या सर्वांनी एकाच आठवड्यात करावे, नाहीतर शेजारच्या धुऱ्यावरचे उंदीर पंधरवड्यात तुमच्याच उसात येऊन राहतील.