साखरशेत ते पांडवलेणी : एका अभ्यास-पदयात्रेची आखणी

प्राचीन लेणे पाहावयास जाणारा विद्यार्थी बहुधा वाहनाने पायथ्याशी उतरतो, पायऱ्या चढतो, लेखाचे वाचन करतो आणि परततो. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या बाबतीत मात्र या रीतीने एक महत्त्वाचा प्रश्न नजरेआड होतो. त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याचे लेख आहेत. लेणे देशावरील असले, तरी लेखातील दाने वारंवार कोकणाकडे वळतात. गोवर्धन व शूर्पारक, म्हणजे नाशिकजवळचे गोवर्धन व वसई तालुक्यातील सोपारा, या दोन्ही ठिकाणी त्याने धर्मशाळा बांधल्या. दमण, तापी, दाहनुका इत्यादी नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, असे सामान्यतः मानले जाते.

किनारा आणि गोवर्धन ही दोन टोके लेखात अशी स्पष्ट आहेत. त्यांना जोडणारी वाट मात्र लेखात नाही. जव्हार व मोखाडा हा डोंगराळ प्रदेश या दोहोंच्या मध्ये पडतो. म्हणून जव्हार तालुक्यातील साखरशेतहून निघून मोखाडा व त्र्यंबकेश्वरमार्गे पायी त्रिरश्मीस पोहोचणे उपयुक्त ठरते. जव्हार ते नाशिक हे अंतर गाडीरस्त्याने सुमारे ८० किलोमीटर आहे. रोजची मजल १६ किलोमीटरांची धरल्यास पाच दिवस लागतात. टिपणांसाठी सहावा दिवस हाताशी ठेवावा.

काळाची निवड पाण्यावरून करावी. जून ते सप्टेंबर येथे मुसळधार पाऊस पडतो व ओढे अडवून धरतात. तोच प्रदेश एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्यासाठी तळमळतो. कातळावरून पाणी वाहून जाते, मुरत नाही. नावा आणि पाणपोया यांचा लेखात एकत्र उल्लेख का, हे या दोन ऋतूंच्या विरोधावरून ध्यानात येते. भात, नागली व वरईची कापणी आटोपल्यानंतरचे मार्गशीर्ष-पौष हे महिने प्रवासास उत्तम होत. तथापि याच सुमारास अनेक वारली, कोकणा, ठाकूर व कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व अन्यत्र मजुरीस जातात. म्हणून वाटाड्या आधीच ठरवावा, त्यास पूर्ण मजुरी द्यावी आणि पाड्यावरील पाण्यावर आपला भार टाकू नये.

वाटेत तीन प्रकारच्या नोंदी कराव्यात : पाण्याची बारमाही ठिकाणे, चढणीची जागा व तीव्रता, आणि वाटांची स्थानिक नावे. नावे बोलीतील उच्चारानुसारच लिहावीत. ती संस्कृताच्या वळणावर नेऊ नयेत. त्र्यंबकच्या परिसरात जलविभाजक लक्षपूर्वक पाहावा. ब्रह्मगिरीची गोदावरी पूर्वेस जाते, तर त्याच परिसरात उगम पावणारी वैतरणा पश्चिमेस सागराला मिळते.

त्रिरश्मीवर पोहोचल्यावर प्रथम दहाव्या लेण्याचा व्हरांडा गाठावा. तेथील दुसऱ्या एका लेखात ३००० कार्षापणांची अक्षयनीवी नोंदविली आहे. त्यांपैकी २००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक, व १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने ठेवलेले आहेत. मुद्दलास हात न लावता व्याजातून भिक्षूंच्या चीवरादिकांची सोय होत असे. याच लेखात कापूर आहारातील चिखलपद्र गावच्या ८००० नारळींचेही दान आहे. नारळीचे दान देशावरील लेण्यात कोरलेले पाहिले, की घाटाखालील भूमीशी असलेला या लेण्याचा संबंध निःसंशय ठरतो.

येथेच अभ्यासकाच्या विवेकाची कसोटी लागते. पाच दिवस चाललेल्या मनुष्यास आपण चाललो तीच प्राचीन वाट, असे वाटू लागते. परंतु पायांचा अनुभव हा वाट शक्य होती एवढेच सांगतो. ती वापरात होती, हे सिद्ध करावयास मार्गावरील टाकी, नाणी, खापरे वा लेख यांचीच साक्ष हवी. यास्तव निघण्यापूर्वीच वहीत दोन रकाने आखावेत : एकात लेख काय सांगतो, दुसऱ्यात भूमी काय सुचविते. परत आल्यावर दोन्ही रकाने भरलेले असावेत, पण एकातील मजकूर दुसऱ्यात शिरलेला नसावा. एवढे साधले, तर पदयात्रेचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.