वजनाच्या ऑपरेशननंतर भाकरी कधी?

वजन उतरवण्याच्या ऑपरेशनसाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या माणसाला नागपूर, नांदेड नाहीतर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. दोन-तीन दिवसांत सुट्टी होते आणि त्यानंतरचे जोखमीचे दीड-दोन महिने तो घरी काढतो. सर्जन तिकडे दूर राहतो. इथे त्याचं पोट आई, बायको, सून आणि डबा घेऊन भेटायला येणाऱ्या मावशीच्या हाती असतं. आजाऱ्यावर माया करायची म्हणजे त्याला खाऊ घालायचं, ही आपली रीत. या एका आजारपणात ती रीत काही आठवडे बाजूला ठेवावी लागते.

2011 च्या सप्टेंबरमध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा विदर्भात तिची बरीच चर्चा झाली. पण बोलणं वजन किती उतरलं यापुढे सहसा जात नाही. ऑपरेशननंतर माणसानं काय खाल्लं, कधी खाल्लं, किती चमचे खाल्लं, हे कुणी विचारत नाही. गैरसमज वाढतात ते इथेच.

‘दोन घास खाल्ल्यानं काय होते?’ हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा. या ऑपरेशनच्या ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी, आणि तिच्या कडेनं वरपासून खालपर्यंत धातूच्या बारीक टाक्यांची रांग. ‘बायपास’ प्रकारात जठराचा जेमतेम 30 मिलिलिटरचा कप्पा करून त्याला लहान आतडं जोडतात. पोटावरची चार-पाच भोकं आठवड्या-दोन आठवड्यांत सुकतात आणि घरच्यांना वाटतं, जखम भरली. आतली जागा मात्र अजून सुजलेली असते. तिथे घट्ट घास अडकला की दाब वाढतो, ओकारी येते आणि त्याचा ताण टाक्यांवर पडतो. टाक्यांतून अन्नरस पोटात झिरपू लागला तर जिवावर बेततं. आधी पातळ, मग घोटलेलं, मग मऊ आणि शेवटी घट्ट, हा क्रम त्यासाठी आहे.

हा क्रम आपल्या स्वयंपाकघरात बसवता येतो. पहिले एक-दोन दिवस नितळ पाणी, गाळलेलं सूप. पुढे साधारण दोन आठवडे गाळलेलं ताक, साय काढलेलं दूध, मुगाचं वरण घोटून गाळलेलं, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं वरण, घुसळलेलं दही, उकडून घोटलेला दुधी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ उकडलेलं अंडं, कुस्करलेलं पनीर, मुगाच्या डाळीची सैल खिचडी, पातळ पिठलं. हॉस्पिटलप्रमाणे दिवस थोडे मागेपुढे होतात. सुट्टीच्या कागदावर जे लिहिलं असेल ते खरं. नवा पदार्थ एका वेळी एकच आणि तोही दोन-तीन चमचे. त्रास झाला नाही तर दुसऱ्या दिवशी जरा वाढवायचा, झाला तर आठ-दहा दिवस थांबून पुन्हा बघायचं. एकदा उलटी झाली म्हणून तो पदार्थ जन्मभर सोडायचं कारण नाही.

आता भाकरीचं. ‘भाकरी कायमची सुटली’ असं समजून हळहळणारे बरेच आहेत, पण ती सुटत नाही. दीड-दोन महिन्यांनंतर डॉक्टरांनी हो म्हटलं की ताजी, पातळ भाकरी वरणात किंवा ताकात कुस्करून सुरू करता येते. उलट मऊ पोळी आणि भात अनेकांना जास्त त्रास देतात, कारण नीट चावले नाहीत तर त्यांचा गोळा होऊन तो अडकतो. घास बोटाच्या पेराएवढा घ्यावा, वीस-पंचवीस वेळा चावावा, आणि वाटीभर जेवणाला अर्धा तास लागला तर लागू द्यावा. या पोटात भरल्याची खूण वेगळी असते. छातीच्या मध्यावर दाटल्यासारखं होतं, उचकी लागते, कुणाचं तर चक्क नाक वाहू लागतं. तिथेच हात धुवायचा. ताटात उरलेला एक घास अन्नाचा अपमान नको म्हणून तोंडात टाकला, तर तोच उलटून येतो.

‘पातळ आहे ना, मग काहीही चालतं’ ही समजूत तितकीच घातक. रसवंतीवरचा उसाचा रस पातळच असतो, आमरसही आणि तीन चमचे साखरेचा चहाही. बायपासनंतर अशी साखर पटकन आतड्यात उतरते. दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ, जुलाब, घाम, धडधड सुरू होते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली येऊन चक्कर येते. स्लीव्हनंतरही असा त्रास होऊ शकतो. वरणावरचं पाणी ताकदीचं म्हणून पाजतात, पण त्यात प्रथिनं अगदी थोडी. ती खाली बसलेल्या डाळीत असतात, म्हणून डाळ घोटून घ्यावी लागते. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यातून 6 ग्रॅम मिळतात, पाव लिटर दुधातून 8 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमधून सुमारे 18. सुरुवातीला हा हिशेब अन्नातून जुळत नाही म्हणूनच डॉक्टर प्रथिनांची पावडर लिहून देतात. ते डबा विकायचं निमित्त नाही. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात. यवतमाळच्या शिवारात सोयाबीन पोत्यांनी निघतं आणि सगळं बाजारात जातं, याचं मला वाईट वाटतं. मऊ खाण्याचा टप्पा आला की चांगली शिजवून वाटलेली सोयावडी या माणसाला फार उपयोगाची आहे.

उपासाचंही तसंच. साबुदाण्यात नुसता स्टार्च, प्रथिनं जवळजवळ नाहीत, आणि चिकटपणामुळे तो अडकतो. पहिलं वर्षभर चतुर्थी-एकादशीचे उपास घरच्या दुसऱ्या कुणी करावेत.

पाणी जेवणासोबत नको. जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. मात्र ‘पोट लहान आहे, पाणी कमीच पी’ हा सल्ला चुकीचा. दिवसभरात दीड लिटर तरी पोटात जायलाच हवं आणि ते एका दमात जाणार नाही, म्हणून दर काही मिनिटांनी एक घोट. या ऑपरेशननंतर लोकांना पुन्हा दवाखान्यात आणणाऱ्या कारणांत शरीर कोरडं पडणं हे नेहमीचं एक. यवतमाळच्या मे महिन्यात तर बाटली हातातून सुटता कामा नये.

भेटीला येणारे संत्री आणतात. पहिल्या महिन्यांत फोडीवरचं पांढरं साल आणि चोथा गिळू नये, कारण त्याचा पोटात गोळा होऊ शकतो. नीट चावता येऊ लागल्यावर साल काढलेला गर चालतो.

‘वजन उतरलं, आता गोळ्या बंद.’ नाही. बी-12 शोषायला जठरातलं आम्ल आणि तिथेच तयार होणारं एक प्रथिन लागतं, ती दोन्ही आता कमी झालेली असतात. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचीही तीच गत. शाकाहारी माणसाला बी-12 आधीच कमी मिळतं. या गोळ्या जन्मभराच्या आहेत, आणि रक्ताच्या तपासण्याही. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात तेव्हा घरात घबराट होते. बहुतेकांचे परत येतात, प्रथिनं आणि लोह सांभाळलं तर लवकर.

उलटीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे गावातल्या दवाखान्याचा संबंध येतो. ‘ऑपरेशन झालंय, उलट्या होणारच’ असं म्हणून आठ-आठ दिवस काढतात. घाईनं खाल्ल्यानं एखादी उलटी होणं वेगळं आणि दोन-तीन दिवस काहीच न टिकणं वेगळं. शरीरात बी-1 जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. तो संपला की नजर डळमळते, चालताना तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशक्तपणा आला की आपण सलाईन लावून घेतो. अशा पेशंटला बी-1 न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर हीच इजा ओढवू शकते. म्हणून सुट्टीचा कागद घडी करून कपाटात ठेवू नये. गावातल्या डॉक्टरांना आधीच दाखवावा आणि त्याची एक प्रत त्यांच्याकडे द्यावी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं या पोटाला, विशेषतः बायपासनंतर, व्रण पाडतात, हेही तेव्हाच सांगावं. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन जुन्याच डोसनं चालू ठेवले तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. ऑपरेशननंतर काही दिवसांतच गरज घटते. डोस मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्यावा.

पहिल्या महिन्यात ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, किंवा स्वस्थ पडलेलं असताना नाडी मिनिटाला 120 च्या वर, यांपैकी काहीही दिसलं तर ओवा-हिंगाचं पाणी देत बसू नये. ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन लावावा, तोंडानं काही देणं थांबवावं आणि सकाळची वाट न बघता गाडी काढून शस्त्रक्रिया विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठावं. जाताना सुट्टीचा कागद सोबत घ्यावा.