सायकलची बैठक आणि शरीरस्वास्थ्य
सायकलची सीट बहुतेक लोक केवळ तिच्या मऊपणावरून पसंत करतात. परंतु बसताना शरीराचा भार पेलण्याची निसर्गाची तजवीज कटिप्रदेशाच्या तळाशी असलेल्या दोन आसनास्थींकडे आहे, आणि सीटचा मागील भाग त्यांना आधार देण्याइतका रुंद नसेल, तर तो भार मधल्या मृदू भागातील मज्जातंतूंवर व रक्तवाहिन्यांवर पडून बधिरता उत्पन्न होते. अतिमऊ गादीत तर ही हाडे रुततात आणि गादीचा मधला भाग वर दाटून तोच दाब वाढवतो. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स यांनी १८८२ साली पेटंट घेतलेली ताणलेल्या चामड्याची सीट टणक असूनही कालांतराने स्वाराच्या अंगाला जुळते, हे तिच्या दीर्घ लोकप्रियतेचे एक कारण होय. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुढचे निमुळते टोक नसलेली सीट सहा महिने वापरणाऱ्या सायकलस्वार पोलिसांची बधिरतेची तक्रार पुष्कळ कमी झाल्याचे आढळले. ताठ बसून सायकल चालवणाऱ्याने रुंद सीट आणि पुढे वाकून चालवणाऱ्याने तुलनेने अरुंद सीट निवडावी, ती समतल ठेवावी, आणि बधिरता वारंवार जाणवल्यास ती अंगवळणी पडेल अशा भ्रमात न राहता तिची वेळीच दखल घ्यावी.